बोर्डावरची वेळ

"घड्याळ काढा, सर," प्रसिद्धी अधिकारी मॅडम म्हणाल्या. "गळ्यात असं काळ्या दोरीला लटकवलेलं फार जुनाट दिसतं."

पोहण्याच्या प्रशिक्षकांनी मुकाट्याने स्टॉपवॉच काढलं. तलावावर असताना ते घड्याळ त्यांच्या गळ्यातून कधी उतरलं नव्हतं; झोपतानाही घालून झोपा, म्हणजे झालं, असं बायको चिडवायची. मॅडमनी ते पर्समध्ये टाकलं. शेजारी जलतरण संघटनेचे निरीक्षक उभे होते, त्यांचंही घेतलं. आज सगळ्यांच्या अंगात एकसारखे पांढरे टीशर्ट होते आणि छातीवर छापलं होतं: 'स्पर्धा तुमच्या, राज्य आमचं!'

मोठमोठ्या स्पर्धा कुठे भरवायच्या ते ठरवणारे पाहुणे येणार होते. त्या स्पर्धा राज्याला हव्या होत्या, म्हणजे हव्याच होत्या. त्यापायी भिंती रंगल्या, कुंड्या भाड्याने आल्या, वर्षानुवर्षं गळणारे नळ आठवड्याभरात शहाण्यासारखे वागू लागले. गॅलरीत कचेऱ्यांमधले कारकून आणून बसवले होते. टाळ्या कधी वाजवायच्या तेही त्यांना समजावून झालं होतं.

फक्त भिंतीवर बसवायच्या पट्ट्या वेळेत आल्या नव्हत्या. त्यांना पोहणाऱ्याचा हात लागला की बोर्डावरचे आकडे आपोआप थांबतात. मॅडमनी त्यावरही तोड काढली होती. बोर्डवाल्याने एक छानशी वेळ आधीच भरून ठेवायची आणि पहिला हात लागला की बटण दाबायचं. मुलींना सांगणं एवढंच, की सगळ्यांनी जवळजवळ बरोबर या. चुरस दिसली पाहिजे.

मधल्या लेनमध्ये बदक उभी होती. पहिल्या दिवशी ती नुसतीच पाय मारत एका जागी राहिली होती, तेव्हापासूनचं हे नाव. तिला निवड चाचणीला जायचं होतं. त्यासाठी ठरलेल्या वेळेच्या आत पोहल्याची नोंद लागते, आणि प्रशिक्षक आणि निरीक्षक अशा दोघांनी आपापल्या घड्याळावर घेतलेली वेळच चालते. कित्येक महिने बदक त्या वेळेच्या अगदी जवळ येऊन हुकत होती. आज सकाळीही तिने जिवाचं रान केलं, आणि हुकलीच. आजचा दिवस शेवटचा. पाहुणे गेले की तलाव नूतनीकरणासाठी रिकामा होणार होता, दोन वर्षांसाठी, आणि शहरात दुसरा तलाव नव्हता. नोंद नाही म्हणजे चाचणी नाही, क्रीडा वसतिगृहातली जागाही नाही. मामाचं चपलांचं दुकान होतं, तिथे गल्ल्यावर माणूस हवाच होता.

"आता जीव काढू नकोस," सर तिला म्हणाले होते. "नाटक आहे हे. आरामात पोह."

पाहुणे बसले. शिट्टी झाली. मुलींनी उड्या टाकल्या आणि कारकुनांनी सांगितल्याप्रमाणे टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

बदकने भरलेली गॅलरी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. या टाळ्या शिकवलेल्या आहेत, हे पाण्यात कळत नाही. पहिल्या वळणालाच ती एका माणसाच्या लांबीएवढी पुढे होती.

"अहो, तिला हळू व्हायला सांगा," मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या.

सरांना ऐकू आलं नाही. ती तलावाच्या एका लांबीत किती हात मारते ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. आज हात कमी लागत होते आणि पाणी मागे जात होतं. इतकं सुंदर ती कधीच पोहली नव्हती. तिचा हात भिंतीला लागला, आणि सरांचा अंगठा रिकाम्या मुठीवर दाबला गेला.

बोर्डावर भरून ठेवलेली वेळ झळकली. पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकाने बोर्डाचा फोटो काढला.

पाहुणे गेले. कारकूनही बसमध्ये बसून गेले. मॅडमनी दोन्ही घड्याळं परत दिली. "छान झालं, सर. त्या मुलीने जरा घोळ घातला, पण प्रचाराच्या फिल्ममध्ये करू काहीतरी."

सरांनी निरीक्षकांना गाठलं. "तुम्ही पाहिलंत ना? आली ती वेळेत. नक्की आली."

"पाहिलं की," निरीक्षक म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. "पण आकडा कुठाय, सर? सही कशावर करू? बोर्डावरच्यावर?"

पंप सुरू झाला होता. पाणी उतरायला लागलं होतं आणि वरच्या फरशांवर ओली रेघ दिसत होती. बदक टॉवेल खांद्यावर टाकून काठावर बसली होती. सर जवळ आले तशी तिने मान वर केली.

"सर, खरी वेळ किती असेल हो? अंदाजे?"

सरांनी गळ्यातलं घड्याळ उगाचच हातात घेतलं. त्यावर नुसती शून्यं होती. आयुष्यभर हिला दुकानात बसून ती एक शर्यत मनात पुन्हा पुन्हा पोहायला लावायची की नाही, एवढंच आता त्यांच्या हातात होतं.

"सकाळपेक्षा जास्तच," ते म्हणाले. "दमली होतीस ना."

"हो का?" ती खाली जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. "मला आपलं पाणी हलकं लागत होतं."

सरांचा अंदाज कधी चुकत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"मग बरंच झालं," ती केस पुसत म्हणाली, "घड्याळ नव्हतं ते."