ब्रेकचा तुकडा

शोध केतकीचा होता. प्रथिनातला एक एवढासा तुकडा पेशीला आलेला ‘वाढत राहा’ हा निरोप वेळेवर बंद करतो. परिषदेत ते मांडायला तिला पंधरा मिनिटं मिळाली होती. तिचे मार्गदर्शक निमकर सर म्हणाले, “आधी मी दोन शब्द बोलतो गं.”

सर सुरू झाले ते थांबेचनात. अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली. सरांनी हसून मान डोलावली आणि आपलं घोडं पुढे दामटलं. दुसरी घंटीही त्यांनी पचवली. केतकीची पंधरा मिनिटं संपली.

“एकच प्रश्न,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “हा तुकडा पेशीत नसेलच, तर काय होतं?”

“आमची केतकी सांगेल,” सर उदारपणे म्हणाले.

केतकी उठली. “आत्ता झालं तेच, मॅडम.”

सभागृहात हशा पिकला. सरही मनापासून हसले आणि त्यांनी पुन्हा माइक उचलला. “म्हणजे काय, ते मी समजावतो.”