पाठीतला बाक

“वाक पुढे. हात खाली सोड.”

अपेक्षा वाकली आणि तिच्या पाठीचा उजवा भाग डाव्यापेक्षा वर आला. पेणच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. तेरा वर्षांच्या पोरीचा कणा एका अंगाला वळला होता. याला स्कोलिओसिस म्हणतात, ते म्हणाले.

“हिच्यामुळं झाला,” आजी बायजानं सुनेकडे बोट दाखवलं. “पोरीच्या कमरेवर रोज हंडा दिलान हिनं.” खाडीकडच्या गावांत उन्हाळ्यात पाणी लांबून आणावं लागतं. पूजा बिचारी मान खाली घालून बसली.

“हंड्यानं होत नाही, दप्तरानंही नाही. कुणाचीच चूक नाही,” डॉक्टर म्हणाले. “कधीकधी घराण्यात असतं. घरात आणखी कुणाची पाठ अशी आहे?”

“नाय,” बायजा ताडकन म्हणाली. आणि तिनं पदर पाठीवरून घट्ट ओढून घेतला.

उपाय ब्रेसचा होता, म्हणजे कण्याला आधार देणाऱ्या, अंगावर घट्ट बसणाऱ्या कडक पट्ट्याचा. पोरीची वाढ सुरू आहे तोवर दिवसातले बहुतेक तास घालायचा. बाक पुसला जाणार नव्हता, पण बहुधा वाढायचा थांबला असता. वाढलाच तर पुढे ऑपरेशन.

ब्रेस आला आणि अपेक्षानं तो खाटेखाली ढकलला. “मी नाय घालनार. पोरी हसतील.” पूजानं समजावलं, दटावलं, शेवटी स्वतःच रडली. पोरगी काही बधेना.

बायजा उठली. तिनं दार लावून घेतलं, पदर उतरवला, ब्लाउज काढला आणि नातीकडे पाठ करून वाकली.

“हात फिरव.”

अपेक्षाचा हात उजवीकडे थबकला. तोच उंचवटा, तिच्या पाठीवरच्यापेक्षा कितीतरी मोठा.

“मला कोनी वाकवून बघितलाच नाय गो. पोरी हसतील म्हनून मीच लपवला. हळदीला बायकांना पाठीला हळद लावू दिली नाय.” मग ती वाकल्या वाकल्याच म्हणाली, “पूजा, तुझ्यावर उगाच आळ घेतला. माझ्याकडून आलाय म्हनून भ्याले होते.”

अपेक्षानं पाय लांबवून खाटेखालचा ब्रेस पुढे ओढला. हात मात्र आजीच्या पाठीवरच होता. थोड्या वेळानं तिनं हात उचलला.

“राहू दे गो जरा,” बायजा म्हणाली. “नातवंडा झाली, पन या पाठीला लागलेला हा पयलाच हात.”