दादाचा कीबोर्ड

"आई, बाबा, दादाचा कीबोर्ड मी घेऊ का?"

"विचारून तर दाखव!" असं मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. दादा जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याच्या टेबलाला कुणी हात लावत नव्हतं. आईने उठून दादाच्या खोलीचं दार उघडलं. बाबा म्हणाले, "घे गं. घरात टाइपिंगचा आवाज तरी होईल."

कॉम्प्युटरचा तो कीबोर्ड दादाने स्वतः सुटे भाग जोडून बनवला होता, कळा त्याच्या सवयीप्रमाणे लावलेल्या. त्या आपल्या हाताला बसवायच्या तर आतलं सॉफ्टवेअर बदलायला हवं होतं. ती बाह्या सरसावून बसली.

कॉम्प्युटरवर अक्षरं उमटली: परवानगी नाही. कीबोर्ड वापरात आहे.

"मीच तर वापरतेय, शहाण्या!"

तिने कीबोर्ड चालवणारं ड्रायव्हर-सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं, सगळे अधिकार स्वतःकडे घेतले, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरी तेच. वापरात आहे.

शेवटी वैतागून तिने कीबोर्डची वायरच उपटली.

अक्षरं गेली नाहीत.

वायरचं टोक तिच्या मुठीत होतं. समोर स्पेसबार हळूच दबला, डावीकडे, दादाच्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत केलेल्या जागी. वर आला. थोडं थांबून पुन्हा दबला.

ती बाहेर आली आणि तिने पाठीमागे दार ओढून घेतलं.

"जमलं?" बाबांनी आशेने विचारलं.

"मी ठरवलंय, मला तो नको," ती म्हणाली. "दादाचं अजून झालेलं नाहीये."