जोत्यातली माती

पहिली फरशी निघाली तशी खाली काळी माती दिसली. ग्राहक आयोगाने नेमलेले इंजिनिअर वाकले, एक ढेकूळ उचलून बोटांत चुरडलं.

"मुरूम नाही," ते म्हणाले.

मोनालीला हेच हवं होतं. मुरमाऐवजी पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात आकसणारी माती जोत्यात भरली, म्हणून फरशी वर उचलली गेली होती, स्वयंपाकघराची भिंत चौकटीपासून सुटली होती. घर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यावं, एवढीच तिची तक्रार होती.

ठेकेदार गोवर्धन दाराशी उभा होता. "मुरूम नाहीच, साहेब. माती यायच्याच वावरातली आहे. नांदगाववरून ट्रॉल्या भरून आनली. विचारा त्या बुढ्याले."

"नीट बोला. सासरे आहेत माझे."

"सासऱ्यालेच विचारा म्हनतो. सुनेले काय मालूम? तवा लग्न तरी झालं होतं काय?"

तिला मालूम होतं. वावर विकलं तरी पंजाबरावांनी त्याची माती मागे सोडली नव्हती. आपली माती आपल्या घराखाली पाहिजे, असं ते आल्यागेल्याला कौतुकाने सांगत. पण वकिलाने बजावलं होतं, गोवर्धनकडे काही पुरावा नाही, म्हाताऱ्यांना तेवढं बोलू देऊ नका.

"मामाजी, तुम्ही आत जा बरं."

पंजाबराव गेले नाहीत. फोडलेल्या फरशीजवळ उकिडवे बसले. "माती आमचीच आहे."

"सरली केस," गोवर्धन हसला. "लिहा, साहेब."

"थांब. ट्रॉली पाहून तू काय म्हनला होता, ते सांग यायले."

गोवर्धन पायाने फरशीचा तुकडा सरकवू लागला.

"म्हनला, 'बाबाजी, सोन्यासारखी माती आहे, आता मुरूम कायले पाहिजे.' अरे, तिच्यात काय उगवते ते मले समजते. तिच्यावर काय उभं राहते ते तुले समजाले पाहिजे होतं. त्याच्याचसाठी तुले बलावलं होतं ना?"

"सटकला बुढा," गोवर्धन पुटपुटला आणि बाहेर रस्त्याकडे पाहू लागला.

इंजिनिअरनी पेन काढलं, पण टेकवलं नाही. "ताई, माती घरच्यांनीच आणली, हे एकदा अहवालात गेलं की मला खोडता येणार नाही. लिहू?"

मोनालीने सासऱ्यांकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते.

"लिहा," ती म्हणाली. "पण तिथंच थांबू नका."