पांढरा कागद

या, मंडळी, असे जवळ सरकून बसा. एक छोटी गोष्ट सांगायची आहे, पण जरा हळू आवाजात.

शाळेच्या गच्चीवर हवा तपासायचं सरकारी यंत्र होतं. घरघर करत ते हवा ओढून घ्यायचं आणि तिच्यातली धूळ, काजळी आत ठेवलेल्या कागदावर बसायची. कागद जितका काळा, तितकी हवा वाईट. अशा कागदांवरूनच कुठल्या भागात धूर किती आणि तो कुणाचा, हे सरकार ठरवायचं. समोरच्याच गल्लीत लोखंड ओतायचा कारखाना. तरी इथला कागद पाहावा तेव्हा पांढराच. आणखी एक असा कागद आला की यंत्र इथून उचलायचं आणि कारखान्याचं नाव धूर सोडणाऱ्यांतून काढून टाकायचं, असं ठरत आलं होतं.

म्हणून तपासनीस बाई त्या दुपारी न कळवता आल्या. गाडी त्यांनी दूर कोपऱ्यावरच सोडली. गच्चीवर पाऊल ठेवलं, तर समोरचं धुराडं भकाभका धूर ओकत होतं आणि यंत्र गप्प. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गार.

मागोमाग शाळेचा पहारेकरी धावत आला. वीज गेली होती म्हणाला. खाली वर्गांतले पंखे गरगरत होते. बाईंनी नुसता तिकडे कान दिला, तशी त्याने मान खाली घातली.

कारखान्याकडून काय मिळतं, असं बाईंनी सरळच विचारलं. त्याने देवाची शपथ घेतली; त्यांच्या घरचा चहासुद्धा प्यायलो नाही म्हणाला. मग जरा घुटमळून, कुजबुजत म्हणाला, "चपला हातात घ्या मॅडम, वाजतात. दाखवतो."

गच्चीच्या बरोबर खाली त्याची खोली. तिथे त्याची बायको खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. आडवं झालं की तिचा श्वास अडायचा. सगळी रात्र बसून जायची, दुपारी काय तो डोळा लागायचा, आणि डोक्यावर यंत्र घरघरलं की तोही उडायचा. म्हणून हा दुपारी, नेमका भट्ट्या पेटायच्या वेळेला, बटण बंद करायचा आणि भट्ट्या थंडावल्यावर पुन्हा लावायचा.

बाईंना भरून आलं. आपल्या संशयाची लाजही वाटली. पण सरकारी माणसाचा संशय, तो इतक्यात कुठला मरतो?

"बंद करायचं हे तुम्हाला सुचलं कसं?" त्यांनी विचारलं.

"मला कुठलं सुचतंय," तो भाबडेपणाने म्हणाला. "कारखान्याचे मुकादम सांगून गेले. देवमाणूस हो. हिची विचारपूस करायला नेमाने येतात. म्हणाले, वहिनींना दुपारची झोप मिळायलाच हवी."

खुर्ची करकरली. बायको केव्हाची जागी होती.

"मला वाटायचं, यंत्रालाही दुपारची सुट्टी असते," ती म्हणाली. मग बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. "अहो, लावा ते."

"अगं, मग तू झोपणार कधी?"

"माझ्या छातीत काय बसलंय ते आधी त्या कागदावर उमटू दे."

तो जिना चढून गेला. छत घरघरू लागलं. तपासनीस बाई चपला हातात धरून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. बायको डोळे उघडे ठेवून वर बघत बसली.

मंडळी, पुढचं मला विचारू नका. एवढंच करा. आज उशीवर डोकं टेकवाल आणि श्वास आपसूक येत-जात राहील, तेव्हा देवापाशी त्या जागत बसलेल्या माउलीची आठवण काढा.