निवलेला चहा

हाडांच्या डॉक्टरांनी आयुष्यभर लोकांच्या खुब्यात दुर्बीण घातली होती. आज त्यांचाच पाय ऑपरेशनच्या टेबलाला जोडलेल्या, पाय खेचायच्या बुटात आवळलेला होता. आता पाय खेचणार, सांध्यात करंगळीएवढी फट पडणार आणि तिच्यातून दुर्बीण आत जाणार, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पाय जरा जास्त खेचला गेला तर नसेचं काय होतं, तेही. न कळणारा पेशंट सुखी. कळणाऱ्याची पंचाईत. वर ‘भूल कमरेखालीच द्या, मला जागं राहायचंय’ हा हट्ट त्यांचाच! आता भोगा.

शस्त्रक्रिया करणार होती त्यांच्याच हाताखाली शिकलेली मुलगी. ती हात धुऊन हसतच आत आली.

“एवढंसं तर काम आहे, सर. सिस्टर, चहा सांगून ठेवा. निवायच्या आत येतोच आम्ही.”

सिस्टर हसल्या. डॉक्टरांनी मात्र मान वळवून तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांचंच होतं. सांधा अवघड निघणार असं दिसलं, की आपली भीती कुणाला कळू नये म्हणून ते नेमकं हेच म्हणायचे. आणि आजवर ती कुणाला कळलीही नव्हती.

“घाबरलीस का गं?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

ती त्यांच्या कानाशी वाकली. मास्कआडचं हसू मावळलं होतं.

“सर, तुमचा निवलेला चहा दर वेळी मीच तर बेसिनमध्ये ओतून टाकायचे.”