साधी गाठ

“साधी गाठ आहे,” जनावरांची डॉक्टर म्हणाली आणि तिने अण्णांच्या मागे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीकडे पाहिलं. बरोबर बोलले ना, असं विचारल्यासारखं.

बरोबरच बोलली होती. सकाळी तपासणीचा निकाल कळल्यावर मुलीनेच तिला फोनवर सांगितलं होतं, की मांजराला कॅन्सर आहे हे वडिलांसमोर म्हणू नका, तो शब्दच काढू नका, गाठ म्हणा. त्यांना स्वतःला तोच आजार आहे आणि आम्ही त्यांना ते कळू दिलेलं नाही. डॉक्टर तरुण होती. ती बरं म्हणाली.

मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. दिवसभर उभ्याने लोकांची दुखणी ऐकायची, मधेच रजा टाकून अण्णांना इस्पितळात न्यायचं, घरी आल्यावर त्यांच्या पोटात चार घास जावेत म्हणून विनवण्या करायच्या. तिच्या आधीच नाकी नऊ आले होते. त्यात आता हे मांजर.

मांजराचं नाव मावशी. वाघाची मावशी म्हणून अण्णांनीच ठेवलेलं. आई गेल्यापासून ती अण्णांच्या पायाशी झोपायची, आणि आता तीही पार म्हातारी झाली होती. मघाशी मदतनीस बाईंनी “मावशींना आत आणा” अशी हाक मारली, तेव्हा बाकावरच्या एक वयस्कर बाई कुत्र्यासकट उठून उभ्या राहिल्या होत्या. एरवी अण्णा त्यावर आठवडाभर हसले असते. आज ते नुसते टोपी सारखी करून आत आले.

अण्णांच्या वेळी इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बाकावर बसवलं होतं आणि मुलीला व तिच्या धाकट्या भावाला बाजूला नेऊन सगळं सांगितलं होतं. सांगायचं नाही, हे बहीणभावांनी तिथेच उभ्या उभ्या ठरवलं. म्हातारा माणूस, हाय खाईल. तेव्हापासून घरात प्रत्येक गोष्टीला एक उत्तर तयार असे. सुया अशक्तपणाच्या. केस गेले ते औषधाच्या उष्णतेने. गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं मुलगी फाडून टाकायची आणि गोळ्या साध्या डबीत भरायची. अण्णा काही विचारत नसत. हात पुढे करा म्हटलं की करत. धाकटा दुसऱ्या गावाहून फोन करून म्हणायचा, बघ ताई, नाही सांगितलं तेच बरं झालं. डोळे मिटून दूध पिणारी त्या घरात एकटी मावशीच नव्हती.

आज मात्र अण्णा विचारत होते. त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. गिऱ्हाईकासमोर घड्याळ उघडून, काय बिघडलंय ते त्याला दाखवल्याशिवाय ते कशाला हात लावत नसत. सुई किती दिवसांनी द्यायची? दिली की दुसऱ्या दिवशी उलट्या होतील का? तोंडाची चव जाते का? तोंड आलं तर ती खाणार कशी? मुलीला आधी वाटलं, मांजरावर जीव आहे म्हणून विचारतायत. मग त्यांनी विचारलं, तळपायाला मुंग्या येतात का. गेल्या आठवड्यात ते पलंगाच्या कडेला बसून तळवे चोळत होते, आणि मोजे घट्ट झाले असतील असं तिनेच त्यांना सांगितलं होतं. तिने नजर खाली वळवली.

डॉक्टर प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देत गेली. तिने फक्त एकच शब्द न उच्चारायचं कबूल केलं होतं. उपचार केले तर काही महिने जास्त मिळतील, ती म्हणाली, पण त्यातले बरेचसे येण्याजाण्यात आणि पडून राहण्यात जातील. नाही केले तर कमी दिवस, पण ते घरी, आणि दुखणार नाही एवढी काळजी घेता येईल. दोन्हींत चुकीचं काहीच नाही. मांजर तुमचं आहे, तुम्ही ठरवा.

मुलगी मनातल्या मनात नको, नको म्हणत होती. घरात दुसरा रोगी उचलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. एका मुक्या जिवाच्या बाबतीत आपण सुटकेची वाट बघतोय, याची तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही नकोच वाटत होतं.

अण्णांनी मावशीला टेबलावरून उचलून छातीशी धरलं. रक्त घ्यायला तिच्या पुढच्या पायावरचे केस भादरले होते. ती थरथरत होती.

“हिला नको,” ते म्हणाले. “का टोचतायत, ते हिला कोणीच समजावून सांगू शकत नाही.”

मुलीने सुटकेचा निःश्वास सोडला. बरोबर आहे अण्णा, असं पुटपुटत तिने टोपलीचं झाकण उघडून पुढे धरलं. लगेच निघालं तर दुपारच्या पाळीला दुकानात पोचता आलं असतं.

अण्णांनी मांजर टोपलीत ठेवलं नाही. ते मुलीकडे बघत राहिले.

“काही न सांगता टोचत राहिले की फार भीती वाटते गं,” ते म्हणाले. “हिला कोणी सांगू शकत नाही. मला तर तू सांगू शकतेस.”